मार लॉज इस्टेट: स्कॉटलंडच्या डोंगरांत जंगल परत येतंय, त्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अ‍ॅबर्डीनला राहते. या शहरातून वाहत जाऊन समुद्राला मिळणारी डी नदी वर डोंगरात जिथे उगम पावते, तो सगळा मुलूख म्हणजे मार लॉज इस्टेट. सुट्टी मिळाली की मी तिकडे जाते. पुण्या-मुंबईहून आलेले नातेवाईक आणि इथली मराठी मित्रमंडळी यांनाही घेऊन जाते. प्रत्येक वेळी तेच प्रश्न येतात आणि ते अगदी रास्त असतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

मार लॉज इस्टेट म्हणजे नक्की काय? अभयारण्य, की कुणाची खासगी जमीन?

दोन्ही. स्कॉटलंडच्या हायलँड भागात शतकानुशतकं प्रचंड जमिनी एकेका मालकाकडे राहिल्या आहेत. अशा जमिनीला इथे इस्टेट म्हणतात. मार लॉज इस्टेट केर्नगॉर्म्स पर्वतराजीत, ब्रेमार गावाच्या पश्चिमेला पसरली आहे. आकार सुमारे 29,000 हेक्टर, म्हणजे 290 चौरस किलोमीटरच्या आसपास. आपलं बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान 104 चौरस किलोमीटर आहे, त्यावरून अंदाज येईल.

1995 साली ही इस्टेट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या धर्मादाय संस्थेनं घेतली. संस्था 1931 पासूनची, सरकारी नाही. वर्गणीदार सभासद, देणग्या आणि अनुदानं यांवर तिचं काम चालतं. 2003 मध्ये केर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यान झालं आणि इस्टेट त्याच्या हद्दीत आली. 2017 मध्ये तिला राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. ब्रिटनमधलं हे असं सर्वांत मोठं क्षेत्र.

ब्रिटनच्या पाच सर्वोच्च शिखरांपैकी चार इथे किंवा इथल्या सीमेवर आहेत. बेन मॅकडुई 1,309 मीटर, ब्रेरिआख 1,296 मीटर. कळसूबाई 1,646 मीटर असल्यामुळे आपल्या ट्रेकर मंडळींना हे आकडे किरकोळ वाटतात. पण ही जागा 57 अंश उत्तर अक्षांशावर आहे. शेजारच्या ब्रेमार गावात उणे 27.2 अंश तापमान नोंदलं गेलंय, तेही दोनदा, 1895 आणि 1982 साली. माथ्यावर मे महिन्यातही बर्फाचे पट्टे दिसतात आणि पाइनसारखं काटक झाडही वर जाता जाता आधी झुडूप होतं, मग दिसेनासं होतं.

डोंगर इतके उघडे का? मुळात इथे जंगल होतं तरी का?

होतं. पुरावा पायाखालीच आहे. इथल्या ओल्या, काळ्या पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या जमिनीत ओढ्याचं पाणी कडा कापत जातं, तेव्हा आतून पाइनची जुनी खोडं बाहेर येतात. हजारो वर्षांपूर्वीची खोडं, मुळांसकट, जिथे वाढली तिथेच गाडली गेलेली. पहिल्यांदा मी एका खोडावर हात ठेवला तेव्हा मला ते गेल्या वर्षी पुरात वाहून आलेलं लाकूड वाटलं. त्याचे तंतू अजून शाबूत होते आणि साल कुठली, आतलं लाकूड कुठलं, हे ओळखता येत होतं.

हे जंगल एका कारणानं गेलं नाही. चारेक हजार वर्षांपूर्वी हवा जास्त ओली झाली आणि पीट पसरलं. मग माणसांनी शेती, सरपण, गुरं यांसाठी तोड केली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत डी नदीतून ओंडके खाली वाहत नेण्याचा धंदा जोरात होता. ग्लेन डेरी नावाच्या खोऱ्यात त्यासाठी घातलेल्या बंधाऱ्याच्या खुणा आहेत. दोन्ही महायुद्धांत लाकडासाठी स्कॉटलंडभर पुन्हा तोड झाली.

तरीही, तोडलेलं जंगल आपणहून परत येऊ शकतं. पाइनचं बी वाऱ्यावर उडतं, रुजतं. इथे ते परत आलं नाही, कारण रुजलेलं प्रत्येक रोप हरणांनी खाल्लं. कॅलेडोनियन पाइनवन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जंगलाचे आज स्कॉटलंडभर मिळून 84 तुकडे उरलेत. त्यांतले काही मार लॉजवर आहेत. ट्रस्टनं ताबा घेतला तेव्हा त्या तुकड्यांत दोन-अडीचशे वर्षांची म्हातारी झाडं होती आणि खाली काहीच नव्हतं. कोकणातल्या एखाद्या वाडीत फक्त आजी-आजोबा उरावेत, तसं. त्या वाडीतली पोरं निदान गणपतीला तरी येतात. इथे दोनशे वर्षं नवी पिढी आलीच नव्हती.

हरणं इतकी वाढली कशी?

लांडगा संपला म्हणून आणि शिकारीचा शौक आला म्हणून. स्कॉटलंडमधला लांडगा सतराव्या-अठराव्या शतकापर्यंत नाहीसा झाला. लिंक्स हा मांजरकुळातला मोठा शिकारी त्याच्याही खूप आधी गेला होता. एकोणिसाव्या शतकात राणी व्हिक्टोरियानं जवळच बाल्मोरल ही इस्टेट घेतली. डोंगरात जाऊन शिंगांचा नर टिपणं ही श्रीमंतांमध्ये प्रतिष्ठेची गोष्ट झाली. नर जास्त हवेत तर एकूण हरणंही जास्त हवीत, म्हणून त्यांना जपलं गेलं, थंडीत चारा घातला गेला. मार लॉजचा आजचा वाडा त्याच काळातला. 1895 साली त्याची कोनशिला खुद्द व्हिक्टोरियानं बसवली. वाड्याशेजारी एक नाचघर आहे. त्याच्या छताला आणि भिंतींना हरणांच्या 2,400 हून अधिक कवट्या शिंगांसकट टांगल्या आहेत. तिथे उभं राहून वर पाहिलं की या डोंगरांचा उपयोग कशासाठी होत होता हे कुणी सांगावं लागत नाही.

म्हणजे ट्रस्टवाले हरणं मारतात? याला संवर्धन कसं म्हणायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात दुखावलेपण असतं. माझ्या आईनं विचारला तेव्हाही होतं. म्हणून जरा विस्तारानं सांगते.

हो, मारतात. पगारी माणसं मारतात. त्यांना स्टॉकर म्हणतात आणि अख्खं आयुष्य या डोंगरांत काढलेली ही माणसं हरणाला जितकं ओळखतात तितकं क्वचितच कुणी ओळखत असेल. वाऱ्याच्या उलट दिशेनं, हेदरच्या ओल्या झुडपांमधून पोटावर सरपटत तासन् तास जायचं, खात्री झाल्याशिवाय चाप ओढायचा नाही, एका गोळीत संपवायचं. मग ते धूड डोंगरावरून खाली आणायचं. त्याचं मांस बाजारात जातं, वाया जात नाही. मुदतीबाहेर माद्या किंवा रात्री कुठलीही हरणं मारायची असतील तर नेचरस्कॉट या सरकारी संस्थेची परवानगी लागते.

1995 च्या सुमारास इस्टेटीवर तीन हजारांहून जास्त तांबडी हरणं होती. पुढच्या वर्षांत ती ढोबळमानानं निम्म्यावर आणली. पण आकड्यापेक्षा कुठे किती, हे महत्त्वाचं. इस्टेटीचे दोन भाग पाडलेत. जिथे जुनी पाइन झाडं उभी आहेत ती खोरी, म्हणजे ग्लेन लुई, ग्लेन डेरी, ग्लेन क्वाइख आणि आसपासचा भाग, हा पुनरुज्जीवनाचा पट्टा. तिथे हरणांची संख्या शून्याच्या जितकी जवळ ठेवता येईल तितकी ठेवतात. उरलेल्या मुरमाड, हेदरच्या भागात हरणं राहतात आणि तिथे शिकारीची परंपराही चालू आहे. ट्रस्टनं इस्टेट घेतली तेव्हापासूनच निसर्ग आणि शिकार दोन्ही सांभाळायचं ठरलेलं आहे.

आपल्याकडे राळेगणसिद्धीत, हिवरे बाजारात डोंगर हिरवे झाले ते चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळल्यामुळे. इथे चालली आहे ती चराईबंदीच. फरक इतकाच की गाय-शेळी मालकाच्या दावणीला बांधता येते, रानातलं हरीण बांधता येत नाही. आणि त्याला खाणारा लांडगा आपणच संपवलाय, तेव्हा त्याचं काम आपल्या अंगावर येऊन पडलंय. मला स्वतःला बंदुकीचा आवाज आजही सहन होत नाही. पण हरणं न मारण्याचाही एक परिणाम असतो, आणि तो दोनशे वर्षं या डोंगरांनी भोगलाय. त्यात हरणंही आली. तांबडं हरीण मूळचं जंगलात राहणारं जनावर, आपल्या सांबराच्या नात्यातलं. उघड्या डोंगरावर त्याला आडोसा मिळत नाही. हिवाळा सरताना, अंगातली चरबी संपलेली असताना, वारा-पावसात कितीतरी हरणं कुडकुडून, उपाशी मरतात. झाडीत राहणाऱ्या युरोपातल्या भाईबंदांपेक्षा इथलं हरीण अंगानं लहान राहतं. जंगल परत आलं तर हरणाला त्याचं घर परत मिळेल. संख्येनं थोडी असली तरी धडधाकट राहतील.

शेजारच्या इस्टेटी याला तयार आहेत का?

सगळ्याच नव्हत्या. हरणाला हद्द कळत नाही. मार लॉजवर हरणं कमी झाली की शेजारची हरणं रिकाम्या कुरणात शिरतात आणि ज्या शेजाऱ्याचं उत्पन्न शिकारीवर आहे, त्याचा नर इकडे येऊन मारला जातो. हा वाद इतका पेटला की 2011 मध्ये स्वतंत्र तज्ज्ञांच्या समितीकडून सगळ्या कारभाराचा आढावा घ्यावा लागला. त्यानंतर पट्ट्यांची आखणी अधिक स्पष्ट झाली. शेजाऱ्याची तक्रार मी खोटी मानत नाही. पिढ्यान् पिढ्यांचा रोजगार त्यात गुंतलेला आहे. तरी माझं मत जंगलाच्या बाजूनं आहे, हेही लपवत नाही.

मग सरळ कुंपण का घालत नाहीत?

काही ठिकाणी घातलंही जातं. पण कुंपणाची तार इथल्या पक्ष्यांना दिसत नाही. कॅपरकेली हा टर्कीएवढा मोठा वनकोंबडा आणि काळा ग्राउज हे दोघे वेगानं, खालून उडतात आणि तारेवर आदळून मरतात. शिवाय कुंपणाच्या आत सगळी झाडं एकाच वयाची, एकाच दाटीची उगवतात आणि बाहेर पुन्हा बोडका डोंगर. वीस वर्षांनी कुंपण काढलं की हरणं आत शिरतात आणि नव्या रोपांचं तेच होतं. म्हणून शक्यतो कुंपणाशिवाय, हरणांची संख्या आवरून काम करायचं, हा मार लॉजचा हट्ट. मला तो पटतो, कारण जंगलाची कड तेव्हा तारेच्या रेषेवर तुटत नाही. दाट झाडी, मग विरळ, मग एखाददुसरं रोप, मग हेदर, अशी ती डोंगरावर विरत जाते.

वृक्षारोपण का करत नाहीत? रोपं लावली की काम लवकर होईल ना?

2019 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात 33 कोटी झाडं लावायचा संकल्प होता. हे आपल्या डोक्यात पक्कं असतं, म्हणून हा प्रश्न येतोच.

जिथे जुनं झाड उभं आहे तिथे बी आधीच पडलेलं असतं. त्याला फक्त खाणारं तोंड दूर हवं. आपोआप उगवलेलं रोप स्वतःची जागा स्वतः निवडतं: कुठे खडकाच्या आडोशाला, कुठे कुजलेल्या खोडावर, जिथे त्याला जमतं तिथेच. ते इथल्याच हजारो वर्षांच्या वंशाचं असतं. खड्डे खणून जमीन उकरावी लागत नाही. 

पण हा नियम आंधळा नाही. काही ओढ्यांच्या काठी, काही उंच उतारांवर बी देणारं एकही झाड उरलेलं नाही. वाळुंज, रोवन, भूर्ज, अ‍ॅस्पेन ही झाडं तर इतकी मागे हटलीत की एखाद्या कड्याच्या कपारीत, जिथे हरणाचं तोंड पोचत नाही तिथेच सापडतात. अशा ठिकाणी स्थानिक बियाण्यांपासून रोपं तयार करून लावतात. डी नदीसाठी काम करणाऱ्या रिव्हर डी ट्रस्टनं 2035 पर्यंत वरच्या खोऱ्यात दहा लाख झाडं लावायचं ठरवलंय, तेही याच कारणानं.

इतक्या वर्षांत खरंच काही फरक पडला का?

पडला, आणि तो डोळ्यांना दिसतो. सुरुवातीची कितीतरी वर्षं मात्र काहीच दिसत नव्हतं, आणि तो काळ इथे काम करणाऱ्यांसाठी अवघड गेला असणार. हरणं मारली जात होती, टीका होत होती आणि डोंगर तसाच तपकिरी.

कारण असं. पाइनचं रोप हेदरच्या झुडपात दडलेलं असतं. हेदर साधारण गुडघ्याएवढं. रोप हेदरच्या वर डोकं काढतं तेव्हा हरणाला दिसतं, शेंडा खुडला जातो. बाजूची एक फांदी शेंडा होऊ पाहते, पुढच्या हिवाळ्यात तीही खुडली जाते. अशी रोपं मरत नाहीत, नुसती बसून राहतात. वीतभर उंचीचं, बोन्सायसारखं वाकडंतिकडं रोप वीस-पंचवीस वर्षांचं असू शकतं. हरणं कमी झाल्यावर हीच रोपं आधी उठली. नुकत्याच रुजलेल्या बियांना बराच वेळ लागणार होता, पण यांची मुळं केव्हाच तयार होती.

आज 800 हेक्टरांहून जास्त जागेवर नवं पाइनवन उभं राहतंय. दोनशे वर्षांत पहिल्यांदा. ग्लेन डेरीत जुन्या झाडांच्या पायाशी दाटी करून उभी असलेली तरणी झाडं माझ्या डोक्याच्या वर गेलीत. त्यांच्यामधून चालताना वाऱ्याचा आवाज बदलतो. उघड्यावर तो कानात घोंघावतो, इथे वरच्या वर सळसळत जातो.

पक्षी-प्राणी परत आले का?

काळ्या ग्राउजला जंगल आणि हेदर यांच्यामधली विरळ जागा लागते. तीच आता तयार होते आहे. वसंतात पहाटे नर एका ठरलेल्या जागी जमतात, शेपट्या फुलवून एकमेकांभोवती फिरतात, बुडबुडल्यासारखा आवाज काढतात. नान्नजच्या माळावर माळढोक नराला मादीसाठी फुगून मिरवताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. कॅपरकेलीची अवस्था मात्र फार नाजूक आहे. ब्रिटनमधून तो अठराव्या शतकात संपला, 1837 मध्ये स्वीडनहून पुन्हा आणला गेला आणि 2021-22 च्या गणनेत अख्ख्या स्कॉटलंडमध्ये अंदाजे 542 पक्षी उरले होते. म्हणून विणीच्या काळात कुत्रा बांधून न्या, वाट सोडू नका, असं जे फलक सांगतात ते मनापासून पाळा.

हेन हॅरियर या शिकारी पक्ष्याविषयी लिहायलाच हवं. हिवाळ्यात आपल्या माळरानांवर भोवत्या येतात, त्यांचा हा भाऊबंद. कित्येक दशकांनंतर 2016 मध्ये मार लॉजवर त्याची यशस्वी वीण झाली. पुढच्या वर्षी एका मादी पिल्लाच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं. तिचं नाव ठेवलं कॅलुना. कॅलुना म्हणजे हेदरचं शास्त्रीय नाव. 12 ऑगस्ट 2017 ला बॅलटर गावाच्या उत्तरेला, ग्राउजच्या शिकारीसाठी राखलेल्या डोंगराळ भागावर असताना यंत्राचा संदेश थांबला. पक्षी सापडला नाही, यंत्रही नाही. तिचं काय झालं हे सिद्ध झालेलं नाही. घरट्यातून उडून तिला जेमतेम काही आठवडे झाले होते. एका इस्टेटीच्या हद्दीत कितीही जपलं तरी पक्षी हद्दीबाहेर उडतोच, ही इथल्या सगळ्यांच्या मनातली सल आहे.

पीटची दुरुस्ती म्हणजे काय करतात?

पीट म्हणजे पाण्याखाली पुरता न कुजलेल्या शेवाळाचा आणि वनस्पतींचा थर. वर्षाला साधारण एक मिलिमीटर या गतीनं तो वाढतो. म्हणजे माणसाच्या उंचीचा थर बनायला दीड-दोन हजार वर्षं. त्यात अडकलेला कार्बन जमिनीत राहणं सगळ्यांच्याच हिताचं आहे. पण वरचं हिरवं कातडं एकदा फाटलं, खुरांनी, चरांनी, आगीनं, की ऊन-वारा-पाऊस आतलं काळं पीट धुऊन नेतात. इस्टेटीतल्या गेल्डी ओढ्याच्या बाजूला असे काळे, घळी पडलेले उतार दिसतात.

काम ऐकायला साधं आहे. उभ्या काळ्या कडा यंत्रानं तिरप्या करायच्या, वरचा हिरवा थर खाली ओढून उघडी माती झाकायची आणि घळीत ठरावीक अंतरावर पीटचेच बांध घालायचे. पाणी अडतं, पातळी वर येते, स्फॅग्नम शेवाळ परततं. आपल्याकडच्या नाला बंडिंगसारखंच हे काम. पाणी इथेही अडवायचं, पण विहिरीसाठी नाही, जमीन ओली राहावी म्हणून.

नदीशी याचा काय संबंध?

डी नदी ब्रेरिआखच्या पठारावर सुमारे 1,220 मीटर उंचीवर झऱ्यांतून उगवते आणि जवळपास 140 किलोमीटर वाहून अ‍ॅबर्डीनला समुद्राला मिळते. तिच्यात सॅल्मन येतो. गोड्या पाण्यात जन्मून समुद्रात जाणारा आणि अंडी घालायला जन्माच्या ओढ्यात परतणारा हा मासा. वरच्या खोऱ्यात काठावर झाडच नाही, म्हणजे पाण्यावर सावली नाही. 2018 च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडच्या बऱ्याच नद्यांचं पाणी 23 अंशांच्या वर गेलं. आपल्याला हे पाणी गार वाटेल, पण या माशाचा त्यात जीव घुसमटतो. 2023 च्या शेवटी ब्रिटनमधला अटलांटिक सॅल्मन धोक्यात असलेल्या प्रजातींत नोंदवला गेला.

काठावर झाडी आली की सावली येते, पानं गळतात, पानांवर किडे वाढतात, किड्यांवर माशांची पिल्लं. झाड उन्मळून पात्रात पडलं तर त्याच्यामागे डोह तयार होतो. याच नदीत गोड्या पाण्यातली मोत्याची शिंपली आहे. ती शंभर वर्षांहून जास्त जगते आणि तिची अळी सुरुवातीला सॅल्मन किंवा ट्राउटच्या कल्ल्यांना चिकटून वाढते. मासा गेला तर शिंपलीही जाणार.

बांधलेला रस्ता काढून टाकला, हे खरं का?

खरं. बिन अ व्हूर्ड या डोंगरावर 1960 च्या दशकात बुलडोझरनं गाडीरस्ता कोरला होता, 1,000 मीटरच्याही वर जाणारा. मैलोन् मैल दूरवरून तो ओरखड्यासारखा दिसायचा. ट्रस्टनं तो बुजवला. उतार पूर्वीसारखा केला आणि गवत-हेदरचे गठ्ठे परत बसवले. आता तिथे अरुंद पायवाट आहे. इतक्या उंचीवर, इतक्या थंडीत वनस्पती परत धरणं फार जिकिरीचं असतं.

लांडगे किंवा लिंक्स परत आणणार का?

मार लॉजवर तशी योजना नाही. केर्नगॉर्म्सच्या दुसऱ्या बाजूला 2023 मध्ये रानमांजरं सोडली गेली आणि स्पे नदीच्या वरच्या खोऱ्यात बीव्हर, म्हणजे ओढ्यांवर बांध घालणारे प्राणी, आणले, रीतसर परवान्यानं. जानेवारी 2025 मध्ये कुणीतरी चोरून चार लिंक्स सोडले. ते पकडावे लागले आणि त्यांतला एक मेला. लिंक्स परत यावा असं मला वाटतं. पण मेंढपाळाशी न बोलता, रात्रीत सोडून नाही.

इथे पूर्वी माणसं राहत नव्हती का?

राहत होती. पर्यटकांना हा मुलूख अस्पर्श, निर्जन वाटतो. तो समज चुकीचा आहे. डी नदीच्या काठी, चेस्ट ऑफ डी या धबधब्याजवळ, सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या शिकारी माणसांच्या चुली आणि गारगोटीची हत्यारं सापडली आहेत. ग्लेन लुईत घरांची जोती आजही दिसतात. तिथली वस्ती 1726 मध्ये उठवली गेली. गुडघाभर दगडांच्या त्या चौकोनांत मी दर वेळी थोडी थांबते. कोयनेच्या अभयारण्यातल्या उठलेल्या गावांची जोती पाहिलेल्या माणसाला ती लगेच ओळखू येतात. झाडं वाढू देताना या जोत्यांवर मुळं चढू नयेत म्हणून तिथली रोपं काढतात. माझ्या मते ते योग्य आहे.

जायचं कसं? परवानगी लागते का?

परवानगी आणि तिकीट, दोन्ही लागत नाही. स्कॉटलंडच्या 2003 च्या जमीन कायद्यानं जबाबदारीनं वागणाऱ्या कुणालाही जवळपास कुठल्याही जमिनीवर चालायचा, तंबू टाकायचा हक्क दिला आहे. अ‍ॅबर्डीनहून ब्रेमारपर्यंत बस येते. पुढे लिन ऑफ डीपर्यंतचे दहाएक किलोमीटर स्वतःची गाडी, सायकल किंवा पाय. तिथे नदी खडकाच्या एका चिंचोळ्या फटीतून जाते. उडी मारून जाऊ असं वाटतं, पण प्रयत्न करू नका.

उन्हाळ्यात मिज नावाच्या चिलटांसाठी जाळीची टोपी घ्या. घरी आल्यावर अंगावर गोचीड शोधा, ती चावल्यावर लाइम रोग होऊ शकतो. चूल अजिबात पेटवू नका. 2025 च्या उन्हाळ्यात कॅरब्रिज आणि डावा या ठिकाणांच्या बाजूला 11,000 हेक्टरांहून जास्त मुलूख जळला. तिथला धूर आम्ही पाहिलाय.

एकच दिवस हातात असेल तर काय पाहावं?

लिन ऑफ डीच्या वाहनतळापासून ग्लेन लुईतून डेरी लॉजपर्यंत चालत जा. साधारण पाच किलोमीटर, सपाट मातीचा रस्ता, लहान मुलंही चालतात. डेरी लॉज हे बंद पडलेलं जुनं शिकारघर. त्याच्या आसपास म्हातारी पाइन झाडं आहेत. नारिंगी सालीची, छत्रीसारख्या माथ्याची. तिथे डबा खा आणि ग्लेन डेरीत थोडं आत शिरा.

वाटेवरून हात पोचेल असं एखादं तरुण पाइनचं झाड निवडा. पाइनला दर वर्षी फांद्यांचं एक कडं येतं, त्यामुळे कडी मोजली की वय कळतं. खालून सुरुवात करा. तळाशी कडी एकमेकांवर चढलेली, खोड पिळवटलेलं, गाठीच गाठी, तिथे दोन कड्यांत बोटभरही अंतर नाही. मग एका जागी खोड सरळ होतं. त्यावरचं कडं चार बोटं दूर, पुढचं वीतभर, त्यापुढचं हातभर. खालची कडी मोजायला गुडघ्यावर बसावं लागतं आणि शेवटची मोजायला मान वर करावी लागते.